बाई, तुमच्या त्या एका फोनसाठी

बाई, नमस्कार,

दिवाळीनंतर तुम्हाला नीट थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं, म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितेय.

श्रावणात आमच्या कुंपणावर ती वेल फुलली होती ना, सहा पाकळ्या उलट्या वर वळलेल्या, चुणीदार, खाली पिवळ्या आणि टोकाला लालभडक, अगदी चुलीतला जाळ. फोटो सगळ्यांनी काढले पण नाव कुणालाच माहीत नव्हतं. मग वेल सुकली, आम्ही विसरलो आणि कार्तिकात सासूबाईंनी करांदे, म्हणजे आपले उकडून खायचे कंद, काढताना तिथलेच दोन कंद पण टोपलीत टाकले, बारीक रताळ्यासारखेच दिसत होते. मी तुम्हाला सहज फोटो टाकला आणि मिनिटभरात तुमचा फोन, "चुलीवर ठेवलंस का गं? आधी उतरव ते!"

पातेलं चढलेलं होतं बाई, मीठसुद्धा घालून झालं होतं.

संध्याकाळी गुडघा दुखत असताना तुम्ही आलात, तारेला स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं सुक्या पानाचं टोक दाखवलंत, करांद्याचं पान बदामाच्या आकाराचं, त्याला असं टोक नसतं. कंद हातात न घेता काठीने वळवून दाखवलात, दोन फाटे काटकोनात, नांगरासारखे, म्हणून संस्कृतात लांगली. आपली कळलावी.

त्यात कोल्चिसीन नावाचं विष असतं आणि शिजवून ते जात नाही हे मला माहीतच नव्हतं. पेशींचं विभाजनच ते थांबवतं, म्हणून काही तासांनी उलट्या-जुलाब, मग रक्तातल्या पेशी बनणं बंद, जो वाचेल त्याचे पण आठवडा-दोन आठवड्यांनी केस गळतात. सुरुवातीचे काही तास काहीच होत नाही, तोपर्यंत घरात सगळ्यांचं खाऊन झालेलं असतं, हे ऐकून माझे हातपाय गार पडले. आणि सासऱ्यांना गाउटसाठी, म्हणजे त्यांच्या सांधेदुखीसाठी, दिलेली ०.५ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे तेच औषध, तुम्ही स्ट्रिपवरचं नाव वाचून दाखवलंत तेव्हा सासरे कितीतरी वेळ ती स्ट्रिप हातात धरून बसले होते.

मी तर वेल उपटूनच टाकणार होते, पण तुम्ही म्हणालात, राहू दे, तिची जागा आहे ती. राहू दिली. मृगाच्या पावसात परत कोंब आलाय, भोवती दगड लावून ठेवलेत आणि करांद्याचा वेल पार विहिरीपलीकडे नेलाय. फुललं की तुम्हाला बघायला बोलावते, रिक्षा मी पाठवेन, चालत येऊ नका.

तुमची,
वाडीतली शेजारीण