डिफरन्शियलची बेअरिंग बदलताना मोजमापाला फाटा नको

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा ओसरला की गोव्यातील सत्तरी, सांगे, धारबांदोडा या भागांतील गॅरेजांत फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते: गाडीच्या मागून घरघर येते आणि वेग वाढला की ती वाढत जाते. गेल्या वर्षी माझ्या जीपची हीच तक्रार होती आणि दोष डिफरन्शियलच्या, म्हणजे इंजिनची शक्ती मागच्या दोन्ही चाकांना वाटून देणाऱ्या दातेरी चाकांच्या पेटीच्या, बेअरिंगमध्ये होता. त्या दुरुस्तीत मला जे सोसावे लागले, ते इतर गाडीमालकांच्या वाट्याला येऊ नये, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

कुळागराकडे (सुपारी-नारळाच्या बागेकडे) जाणारी आमची वाट दगडगोट्यांची असून दोन ठिकाणी ओहोळ ओलांडावा लागतो. त्यामुळे मी गाडीला मूळ मापापेक्षा मोठे टायर आणि उंच सस्पेन्शन बसवून घेतले होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने अशा बदलांवर निर्बंध घातले आहेत आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ च्या निकालात तेच बजावले आहे, याची जाणीव मला उशिरा झाली, हे प्रांजळपणे कबूल करतो. मात्र कायद्याइतकाच यंत्राचाही प्रश्न आहे. टायरचा व्यास वाढला की चाक फिरवण्यासाठी क्राउन-पिनियनवर, म्हणजे डिफरन्शियलमधल्या मोठ्या आणि लहान दातेरी चाकांच्या जोडीवर, अधिक जोर पडतो, गाडी उंचावली की इंजिनाकडची शक्ती पिनियनपर्यंत आणणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलून पिनियनला थरथर बसते, आणि चिखलात मोकळे फिरणारे जड चाक एकाएकी दगडावर पकड घेते तेव्हा त्याचा हिसका थेट पिनियनच्या बेअरिंगपर्यंत पोहोचतो. बदल करून देणाऱ्याने यातले काहीच सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

पहिल्या गॅरेजमध्ये काम एका दिवसात उरकले. पिनियनच्या दोन बेअरिंगपैकी आवाज करणारे तेवढे ठोकून काढले, नवे ठोकूनच बसवले, दोन बेअरिंगच्या मधली, नट आवळला की चेपणारी नळी म्हणजे स्लीव्ह जुनीच घातली आणि नट एअर गनने आवळून टाकला. तीन आठवड्यांत आवाज दुप्पट झाला. चोर्ला घाट उतरून खाली आलो तेव्हा डिफरन्शियलचे हाउसिंग इतके तापले होते की हात लावता येईना. पिनियनचे बेअरिंग जाम झाले तर मागची चाके धावता धावता अडकू शकतात. ते घाटात झाले असते तर काय ओढवले असते, या विचाराने आजही अस्वस्थ होतो.

त्यानंतर फोंड्यातील एका वयस्कर मेस्त्रींनी गाडी उघडली. ऑइल काढले तेव्हा ते दूध घातलेल्या चहासारखे दिसत होते, म्हणजे आत पाणी गेले होते. रस्त्यावर धावून तापलेले हाउसिंग थंड ओहोळात उतरले की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा ये-जा करण्याच्या छिद्रातून) किंवा झिजलेल्या ऑइल सीलमधून पाणी ओढून घेते. ब्रीदरला नळी जोडून ती बॉनेटच्या आत उंचावर नेली असती, तर बहुधा ही वेळ आली नसती. मेस्त्रींनी बेअरिंगचा कप, म्हणजे त्याचे बाहेरचे कडे, माझ्या हातात दिले आणि आतून नख फिरवायला सांगितले. वरवर गुळगुळीत दिसणाऱ्या पोलादात गंजाने खाल्लेले बारीक खड्डे नखाला लागत होते.

पुढचे दोन दिवस मी तेथेच बसून काम पाहिले. क्राउनच्या दोन्ही बाजूंची बेअरिंग धरून ठेवणाऱ्या कॅप उलटसुलट होऊ नयेत म्हणून त्यांनी आधी पंचाने खुणा केल्या. पिनियनची दोन आणि क्राउनच्या बाजूंची दोन, अशी चारही बेअरिंग कपांसह बदलली, कारण झिजलेल्या बेअरिंगचा लोखंडी चुरा ऑइलबरोबर सगळीकडे फिरलेला असतो. त्याच कारणाने ॲक्सलच्या नळ्याही डिझेलने धुऊन काढल्या. स्लीव्ह आणि नट नवे घातले. मग पिनियनच्या टोकावरच्या फ्लँजला (गोल चकतीला) दोरी गुंडाळून तिला स्प्रिंगचा वजनकाटा लावला. नट जरासा आवळायचा, दोरी सावकाश ओढून पिनियन फिरताना काटा किती दाखवतो ते पाहायचे, पुन्हा किंचित आवळायचा, असे त्यांचे चालले होते. ताण ठरलेल्या मापाच्या पुढे गेला तर नट सैल करून भागत नाही, स्लीव्हच नवी घालावी लागते. क्राउन आणि पिनियनच्या दात्यांमधला प्ले (मोकळीक) मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांइतकाच असतो. तो त्यांनी डायल गेज या सूक्ष्म मोजमापाच्या उपकरणावर मोजला, दात्यांना रंग लावून ठसा कोठे उमटतो ते पाहिले आणि शिम (पातळ चकत्या) बदलून तो ठसा दात्याच्या मध्यावर आणला. ही जीप आता मूळ मापाच्या टायरवर धावते आणि मागचा आवाज पूर्ण बंद झाला आहे.

म्हणून गॅरेजमालकांना माझी कळकळीची विनंती आहे की, डायल गेज आणि गाडीचे सर्व्हिस मॅन्युअल हाताशी नसेल, तर डिफरन्शियलचे काम नम्रपणे नाकारावे. मालकांनीही संध्याकाळपर्यंत गाडी हवी म्हणून मेस्त्रींच्या मागे लागू नये. ॲक्सिलरेटर दाबल्यावरच येणारा कर्कश सूर बहुधा दात्यांचा असतो, तर ॲक्सिलरेटर सोडला तरी न थांबणारी घरघर बहुधा बेअरिंगची असते. ही घरघर वेळीच ओळखली, तर काम बहुधा क्राउन-पिनियन बदलण्याच्या खर्चापर्यंत जात नाही. गाडी खोल पाण्यातून गेली असेल, तर ऑइल लगेच तपासून घ्यावे.

कुळ्याहून दूधसागरकडे पर्यटकांना नेणाऱ्या जीपगाड्या मोसमभर ओहोळ ओलांडतात, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासारख्या बागायतदारांपुरता नाही. वाहतूक खात्याने अशा गाड्यांच्या फिटनेस तपासणीत डिफरन्शियलचे ऑइल, ब्रीदर आणि पिनियनचा प्ले पाहावा. राज्यातील आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातून निदान एक डिफरन्शियल पूर्ण खोलून, मोजून, पुन्हा बसवून घ्यावे. फोंड्याच्या त्या मेस्त्रींकडे सध्या एकही शिकाऊ मुलगा नाही.

आपला,
एक जीपमालक, सत्तरी