खर्जाची तार

ट्रॉय, मिशिगन
१८ जानेवारी २०२६

तीर्थरूप आई आणि बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मी तुम्हाला बेस गिटार वाजवून दाखवली. बाबा, तुम्ही बराच वेळ मोबाईल कानाशी धरून बसला होतात आणि शेवटी म्हणालात, "अगं, बोटे हलताना दिसतात, पण आवाज कुठे आहे?" आई, तू विचारलेस की चव्वेचाळिसाव्या वर्षी वाद्य शिकायचेच होते, तर ज्यावर गाणे वाजते असे एखादे का घेतले नाहीस. दोन्ही प्रश्नांची उत्तरे मला नीट द्यायची आहेत आणि ती फोनवर देता येत नाहीत, म्हणून हे पत्र लिहायला बसले आहे.

बाबा, तुम्ही लगेच स्वतःच्या कानांना दोष दिलात, पण दोष त्यांचा नव्हता. बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर ती सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, आणि चारांपैकी सर्वांत बारीक तारही मोकळी असताना सेकंदाला ९८ कंपनांवरच थांबते. इतका खालचा स्वर हवेत उमटायला स्पीकरचा पडदा मोठा लागतो. मोबाईलचा स्पीकर नखाएवढा असतो, त्यामुळे मूळ स्वर तिथेच अडला आणि तुमच्यापर्यंत फक्त बोट तारेवरून निसटल्याचा टकटक आवाज पोहोचला. मी वाजवत होते ते सगळे त्या आवाजाच्या खाली होते.

या वाद्याचा जन्म तुम्हाला नक्की आवडेल. पूर्वी वाद्यवृंदात खालचे स्वर वाजवायला माणसापेक्षा उंच असे डबल बेस नावाचे वाद्य असायचे, त्याला पडदे (दांडीवरच्या स्वरांच्या आडव्या पट्ट्या) नसायचे आणि मोठ्या वाद्यमेळात त्याचा आवाज बुडून जायचा. कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये गळ्यात अडकवता येईल, विजेवर चालेल आणि सतारीसारखे पडदे असल्यामुळे स्वर नेमका लागेल असा बेस बाजारात आणला, आणि त्या नेमकेपणावरूनच त्याला 'प्रिसिजन' हे नाव दिले. हे गृहस्थ मुळात तुमच्यासारखेच रेडिओ दुरुस्त करणारे होते. त्यांचे दुकान होते, तुमचे स्वयंपाकघरातले टेबल होते, एवढाच काय तो फरक. आतली रचनाही तुम्हाला एका दृष्टिक्षेपात कळेल: तारांखाली लोहचुंबक, त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे, आणि वरची पोलादी तार हलली की त्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. तारा ज्यावर टेकतात त्या घोडीपासून वरच्या खाचेपर्यंत तारेची लांबी ३४ इंच भरते, तर साध्या गिटारीची साडेपंचवीसच्या आसपास असते. माझ्या हाताला पहिले काही महिने हे अंतर फार वाटले.

सुरुवात चांगली झाली नाही, हे मी तेव्हा तुम्हाला सांगितले नव्हते. ज्या दुकानातून मी वाद्य घेतले तिथे ते नीट जुळवून न देताच विकले होते. तारा दांडीपासून इतक्या वर होत्या की प्रत्येक स्वराला अंगठा आणि मनगट आवळून दाबावे लागे. दीड महिन्यात मनगट दुखू लागले आणि मी समजून चालले की माझे वय आड येते आहे. नंतर ज्यांच्याकडे मी शिकू लागले त्या शिक्षकांनी वाद्य हातात घेऊन एकदा दांडीवरून नजर टाकली, घोडीवरचे स्क्रू फिरवून तारा खाली आणल्या आणि ते माझ्याकडे परत दिले. दुखणे पंधरवड्यात थांबले. इथल्या हिवाळ्यात घरात सतत हीटर चालू असतो, हवा कोरडी पडते, लाकूड आकसते आणि दांडी मागे झुकून तारा पडद्यांवर घासू लागतात. अशा वेळी दांडीच्या आत बसवलेली पोलादी सळई किल्लीने अगदी थोडी सैल करावी लागते. ते काम आता मी स्वतः करते, पाव फेऱ्याहून अधिक एका वेळी कधीच नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासते.

शिक्षकांनी पहिला महिनाभर मला एकच स्वर वाजवायला लावला. मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर लावायचा, उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट आळीपाळीने चालवायचे आणि प्रत्येक ठोक्याला तोच एक स्वर. मला वाटले होते की ते माझे बोट ठोक्यावर पडते की नाही हे पाहत असतील, परंतु त्यांचे लक्ष स्वर कुठे संपतो याकडे होते. बेसचा स्वर सोडून दिला तर तो गुंजत राहतो आणि पुढच्या स्वरात मिसळून सगळे गढूळ करतो, म्हणून तो वेळेवर थांबवावाही लागतो. डाव्या हाताचे बोट तारेवरून न उचलता फक्त दाब सैल करायचा, म्हणजे स्वर मिटतो. त्याच वेळी जी तार वाजत नाही ती आपसूक घुमू नये म्हणून उजव्या हाताचा अंगठा तिच्यावर टेकवून ठेवायचा. ऑफिसातून आल्यावर जेवणाआधी रोज पाऊण तास मी हे करते. तुमचा नातू शेजारच्या खोलीत अभ्यास करत असतो आणि हेडफोनमुळे त्याला काहीच ऐकू जात नाही.

त्या एका स्वरावर बसलेली असताना मला एके दिवशी मिरजेतली सतारमेकर गल्ली आठवली. बाबा, मी सात-आठ वर्षांची असेन, तुम्ही मला सायकलच्या दांड्यावर बसवून आईचा तंबोरा जवारीसाठी, म्हणजे घोडी घासून आवाज खुलवून घ्यायला, देऊन आला होतात आणि तो आणायला आपण पुन्हा गेलो होतो. कारागीर उकिडवे बसून घोडीवर कानस फिरवत होते. दोन-तीन हात मारायचे, भुकटी फुंकायची, तार पुन्हा घोडीवर चढवायची, छेडायची आणि डोळे मिटून ऐकायचे. मग तारेखाली सुताचा एक तुकडा घालून तो बोटाच्या टोकाने केसभर पुढे, केसभर मागे सरकवायचे. बराच वेळ नुसता बोथट आवाज येत होता आणि मग एका ठिकाणी सूत आले, तशी ती तार उघडली आणि सगळा भोपळा बोलू लागला. ते बोट वर न घेता म्हणाले, "आता बोलली." माझे दोन्ही तळवे तुम्ही त्या भोपळ्यावर ठेवले होते आणि खर्ज, म्हणजे तंबोऱ्याचा सर्वांत खालचा सा, मला आधी हातात आणि मग कानात आला होता. बेस गिटार पोटाशी धरून छेडली की तिचे लाकूड अगदी तसेच अंगाला लागते. दुकानात ती पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मी ती खाली ठेवू शकले नाही याचे कारण मला त्या संध्याकाळी कळले.

आई, आता तुझ्या प्रश्नाकडे येते. या वाद्याच्या चार तारा अशा लावलेल्या असतात की प्रत्येक पुढची तार मागच्या तारेला षड्ज मानले तर तिचा शुद्ध मध्यम असते. याचा एक परिणाम फार सुंदर आहे. बारीक तारेकडून मोजत तिसऱ्या तारेवर कुठेही बोट ठेवून त्या स्वराला सा म्हटले, तर त्याच पडद्यावर शेजारच्या जाड तारेवर आपोआप मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला, पंचम मिळतो. मूळ सा पासून पातळ तारांच्या बाजूला दोन तारा आणि पुढे दोन पडदे गेले की वरचा सा. पंचम, षड्ज आणि खर्ज ही तुझ्या तंबोऱ्याची सामग्री इथे एका हाताच्या पंजात मावते, आणि पंजा दांडीवर कुठेही सरकवला तरी तिचा आकार बदलत नाही. शिक्षकांनी मला हे त्यांच्या भाषेत, आकडे घालून शिकवले होते. मी घरी येऊन ते सा-प-सा असे म्हणून पाहिले तेव्हा मला पाठांतराची गरजच उरली नाही. बारा वर्षांची असताना शिकवणीसाठी मी तुझ्याजवळ गाणे शिकणे सोडले, आणि ते सगळे गेले असे मी तीस वर्षे धरून चालले होते. ते गेले नव्हते.

तू म्हणालीस की यावर गाणे वाजत नाही. वाजवणारे तेही वाजवतात आणि अप्रतिम वाजवतात, पण मला त्याची ओढ नाही. आमच्या घरापासून अर्ध्या तासावर डेट्रॉइट शहरात वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवर एक साधे दुमजली घर आहे. १९५९ मध्ये बेरी गॉर्डी यांनी तिथे मोटाउन ही ध्वनिमुद्रण कंपनी चालू केली आणि आता तिथे संग्रहालय आहे. मागच्या बाजूला काही पायऱ्या उतरून एक लहान खोली लागते, तिला वादक सापांचा खड्डा म्हणत. साठच्या दशकात अमेरिकेने जी गाणी गुणगुणली त्यांतली कितीतरी त्या खोलीत ध्वनिमुद्रित झाली आणि त्यांतल्या पुष्कळ गाण्यांचा बेस जेम्स जेमरसन यांनी वाजवला. बहुतेक बेसवादक दोन बोटे वापरतात, ते एकट्या तर्जनीने वाजवत. तार तुटल्याशिवाय ती बदलत नसत. त्या काळात मोटाउनच्या तबकड्यांवर वादकांची नावे छापली जात नसत, त्यामुळे कोट्यवधी लोकांनी त्यांचे वादन ऐकले आणि नाव ऐकले नाही. १९८३ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी ते वारले. मला त्या खोलीत उभे राहून फार वाईट वाटले, कारण ती गाणी घरी मी पुन्हा ऐकली तेव्हा लक्षात आले की गायक ज्या मोकळेपणाने वरती फिरतात तो मोकळेपणा त्यांना या माणसाने खालून दिलेला आहे. अशा वादकाचे नाव तबकडीवर न छापणे हा अन्याय होता.

आणि तिथे मला तू आठवलीस. मिरजेच्या दर्ग्यातल्या संगीत सभेत तू तुझ्या बाईंच्या मागे तंबोऱ्यावर बसली होतीस आणि मी बाबांच्या मांडीवर होते. सूत्रसंचालकाने तबल्याचे, पेटीचे नाव घेतले, तुझे घेतले नाही. ख्यालाच्या मध्यावर खर्जाची तार किंचित उतरली. सभेत कुणाच्या ते ध्यानात आले नसेल, परंतु बाईंनी गाता गाता मान वळवून तुझ्याकडे पाहिले, तू वाजवणे न थांबवता मणी सरकवलास, आणि त्यांनी समोर वळून तो सा असा लावला की बाबांचा हात माझ्या खांद्यावर घट्ट झाला. मला जे वाजवायचे आहे ते हे आहे, आई. वर गाणारा कुणीतरी असावा आणि त्याला खाली पाय टेकायला जागा मी करून द्यावी.

गेल्या गणेशोत्सवात इथल्या महाराष्ट्र मंडळात आम्ही पाच जणांनी 'जय जय रामकृष्ण हरी'चा गजर केला. गाणाऱ्यांची पट्टी, म्हणजे त्यांचा सा, पांढरी दोन होती, म्हणजे माझा सा तिसऱ्या तारेच्या पाचव्या पडद्यावर आणि मंद्र पंचम त्याच्या शेजारी. पहिल्या तालमीत ते जमले नाही, कारण तबल्याचा डग्गा आणि बेस एकाच खालच्या पट्ट्यात बोलतात आणि दोघे एकदम बोलले की दोघांचेही बोल पुसले जातात. मी आधी ठेक्याच्या प्रत्येक मात्रेवर वाजवत होते. तबलावादकाने आणि मी बसून ठरवले की सम, म्हणजे ठेक्याची पहिली मात्रा, माझी, आणि त्यानंतर डग्गा घुमतो तिथे मी थांबायचे. समेवर एक सा आणि ठेक्यातल्या 'खाली'च्या मात्रेवर पंचम, एवढेच मी वाजवले. लय वाढत गेली, टाळ आले, लहान मुले उभी राहिली, आणि सुमारे दहा मिनिटे त्या दोन स्वरांशिवाय मला काही नको होते. कार्यक्रमानंतर एक आजोबा येऊन म्हणाले की आज गजर जमिनीतून आल्यासारखा वाटला. ते मिरजेचे नव्हते, अकोल्याचे होते, पण मला ते शब्द तुमच्यापर्यंत पोहोचवायचे होते.

त्या गजराचे ध्वनिमुद्रण मी पेन ड्राइव्हवर घालून या पत्रासोबत पाठवले आहे. बाबा, ते मोबाईलवर ऐकू नका. तुम्ही सागवानाच्या खोक्यात बसवलेला दहा इंची स्पीकर माळ्यावरून खाली काढा, त्याचा कागदी पडदा कडेने फाटलेला नाही ना ते पाहा, आणि खोके भिंतीच्या कोपऱ्याजवळ ठेवा, म्हणजे खालचे स्वर अधिक उठून येतील. आईला त्या खोक्यावर तळवा ठेवायला सांगा. आई, तंबोरा कपाटावर गवसणीत तसाच आहे हे मला माहीत आहे. गुडघ्यांमुळे खाली बसता येत नसेल तर तो खुर्चीवर बसून मांडीवर आडवा ठेवून छेडता येतो. गल्लीत नेऊन त्याची जवारी करून घ्यावी आणि तारा नव्या घालून घ्याव्यात, पैसे मी बाबांच्या खात्यावर पाठवले आहेत. मी चैत्रात तीन आठवड्यांसाठी येते आहे आणि बेस बरोबर आणते आहे. तुझी पट्टी आता कुठे आली आहे ते मात्र आधी कळव, म्हणजे मी त्या पडद्यावर हात बसवून ठेवीन.

तुमची लेक