थिजतो की फिरत बसतो?

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

काल फोनवर बाबा म्हणाले, ‘कॉम्प्युटर चालू होता होता थिजतो.’ आई मागून म्हणाली, ‘थिजत कुठे, ते चक्र फिरतच असतं.’ मग तुमची जुंपली आणि माझा प्रश्न राहूनच गेला. पण या दोन गोष्टी खरंच वेगळ्या आहेत आणि उपायही वेगळे आहेत. त्यामुळे तो नेमका कुठे अडकतो हे मला आधी कळायला हवं. पुढच्या वेळी चालू करताना आईने फोनवर व्हिडिओ काढावा, बटण दाबल्यापासून अडकेपर्यंत. आवाजही येऊ दे त्यात.

नुसता कंपनीचा लोगो येऊन तो तिथेच थांबत असेल, तर विंडोज अजून सुरूच झालेलं नसतं, म्हणजे बिचाऱ्या विंडोजला दोष देऊन उपयोग नाही. अशा वेळी आधी बाहेरचं सगळं काढा: प्रिंटर, पेनड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क, वेबकॅम. फक्त की-बोर्ड, माउस आणि स्क्रीन ठेवा. मागे विसरलेला पेनड्राइव्ह असेल तर कधी कधी कॉम्प्युटर त्याच्यावरूनच सुरू व्हायला बघतो. तेवढ्यानेच चालू झाला तर एकेक वस्तू परत लावत जा, चोर सापडेल.

चालू झाल्यावर तारीख-वेळ भलतीच दिसते का, हेही बघा. दिसत असेल तर आत मदरबोर्डवर (मुख्य सर्किटच्या पाटीवर) नाण्याएवढी एक बॅटरी असते, बहुतेक सीआर 2032 नंबरची, ती संपत आली असणार. तारीख चुकली की बँकेच्या वेबसाइटही धड उघडत नाहीत, त्यामुळे बाबांना इंटरनेटच बिघडलंय असं वाटू शकतं.

तरीही लोगोवरच अडकला तर रॅम, म्हणजे कॉम्प्युटरची तात्पुरती मेमरी, काढून परत बसवून बघायची. ते काम बाबा स्वतः करू शकतील, हात स्थिर आहेत त्यांचे. मागची वायर काढा, मग चालू करायचं बटण पाच-सहा सेकंद दाबून ठेवा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. झाकण उघडा आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला एकदा हात लावा, अंगातली स्थिर वीज उतरते. रॅम म्हणजे वीतभरापेक्षा लहान, उभी खोचलेली हिरवी किंवा काळी पट्टी. टोकाची खिटी बाहेर ढकलली की पट्टी सुटते. सोनेरी दात बोटाने न चोळता कोरड्या मऊ कापडाने हलकेच पुसा. खालच्या खाचेची जागा मधोमध नसते, म्हणून पट्टी एकाच बाजूने बसते. उलटी लावायला जाल तर बसणारच नाही, जोर करू नका. नीट बसली की खिटी ‘टक्’ आवाज करत आपोआप आत येते. तो आवाज आला नाही तर ती बसलेली नाही. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. मागच्या बाजूला पंखा असलेली जी चौकोनी पेटी आहे, एसएमपीएस, ती मात्र उघडायची नाही. वायर काढल्यानंतरही तिच्यात वीज साठलेली राहते.

आता आई म्हणते तसं चक्र फिरत असेल तर. कॅबिनेटवरचा डिस्कचा छोटा दिवा लुकलुकतोय का बघा. लुकलुकत असेल तर अर्धा तास हात लावू नका, अपडेट किंवा डिस्कची तपासणी चालू असू शकते. मधेच बटण दाबून बंद केलं की होतं नव्हतं ते बिघडतं. दिवा मेलेला आणि चक्र थिजलेलं, असं असेल तर मात्र अडकलाच.

आणि आतून ठरावीक अंतराने ‘कट्, कट्’ असा आवाज येत असेल तर बाकी सगळं सोडा, लगेच बंद करा. ती हार्ड डिस्क असते आणि जुन्या फिरत्या डिस्कचा असा आवाज म्हणजे ती जायला लागली. परत परत चालू करून बघितलं की उरलेले फोटोही जातात. मला कॉम्प्युटरची फिकीर नाही, आजीचे फोटो त्यात आहेत.

तसा आवाज नसेल तर सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज फक्त अगदी गरजेच्या गोष्टींनिशी सुरू होतं त्या प्रकारात, नेऊन बघू, पण मी फोनवर असताना. विंडोज सुरू होताना तीनदा मुद्दाम बंद केलं की दुरुस्तीचा निळा पडदा येतो. तिथून ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज आणि रीस्टार्ट, मग 4 दाबायचं. मधे कदाचित 48 अंकी ‘रिकव्हरी की’ मागेल, ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते. ‘रीसेट धिस पीसी’ मात्र दाबू नका, मी सांगितल्याशिवाय तर नाहीच.

सेफ मोडमध्ये नीट चालला, तर यंत्र ठीक असण्याची शक्यता जास्त. एखादा ड्रायव्हर (प्रिंटरसारखी उपकरणं चालवणारा छोटा प्रोग्रॅम) किंवा सोबत सुरू होणारा प्रोग्रॅम त्रास देतोय. ते मी तुमच्याकडून फोनवरच बंद करून घेईन.

बाबा, एक तुमच्यासाठी. तुम्ही रोज रात्री शिस्तीत ‘शट डाउन’ करता, तरी ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असलं तर विंडोज स्वतःचा काही भाग डिस्कवर जपून ठेवतं आणि सकाळी तोच परत उचलतं. कालचा गोंधळ त्यातून आजही येऊ शकतो. खरं नव्याने सुरू होतं ते ‘रीस्टार्ट’ केल्यावर. आठवड्यातून एकदा तेवढं करत जा.

कोणी सांगेल की विंडोज 10चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025ला संपला म्हणून असं होतंय. सपोर्ट संपला हे खरं, पण त्या तारखेने कॉम्प्युटर बंद पडत नाही. आणि ‘मायक्रोसॉफ्टकडून बोलतोय, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बिघाड दिसतोय’ असा फोन आला तर सरळ ठेवून द्या, मायक्रोसॉफ्ट असे आपणहून फोन करत नाही.

व्हिडिओ आज पाठवा. त्यात आवाज ‘कट्, कट्’ असेल तर बाबांनी झाकणही उघडू नये, मी आल्यावर डिस्क काढून घेऊन जाईन.

तुमची लेक