मामांना गडावर नेताना

डोंबिवली, मंगळवार रात्र

प्रिय सुजा,

फोन न करता मुद्दाम लिहायला बसले. फोनवर तू मधेच भांडायला लागतेस आणि सांगायचं ते राहूनच जातं. इकडे सगळे बरे. आजीचा खोकला उतरलाय, बाबांची शुगर होती तिथेच आहे.

पुढच्या शनिवारी ऑफिसची सहल लोहगडावर ठरली. चौदा जण, आणि सगळी जमवाजमव माझ्याकडे. तिची धास्ती नाही, ते तू कान पिळून पिळून शिकवलंयस. शुक्रवारी मी नावं लिहीत होते, तेव्हा ऑफिसची पँट्री सांभाळणारे आमचे मामा दारात येऊन उभे राहिले. "मला पण यायचंय गं. जमेल ना?" मी हो म्हणायच्या आत मागून आवाज आला, "वा! मामा आले म्हणजे चहापाण्याची चिंता मिटली!" सगळे हसले. मामाही हसले. सुजा, मला कर्नाळ्याची सहल आठवली. तिथेही कामालाच लागलेल्या कँटीनच्या ताई. पुढचं तुला सांगायला नको.

बोलणारा मुलगा वाईट नाही. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथ्या सीटवर टेकायला मिळालं तरी कुणी उभं दिसलं की उठतो. पण सवयीचा जोर असा, की शनिवारी गडावर गार वारा लागला की चौदापैकी दहा जण मान वळवून "मामा" म्हणतील, आणि मामा त्याआधीच उठलेले असतील. त्यांना थांबवायचं कसं, आणि तेही थांबवतोय हे न जाणवू देता? चार दिवस डोक्यात हेच आहे.

तुला मामा माहीत आहेत, पण त्यांची पँट्री तू पाहिलेली नाहीस. साडेबाराला सगळ्यांचे डबे त्यांच्याकडे जातात. स्टीलचा डबा मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही, म्हणून प्रत्येकाची काचेची वाटी आणि ताटली वेगळी, मागे चिकटपट्टीवर नाव. आधी पोळ्या, ओलसर फडक्यात गुंडाळून, नाहीतर कडक होतात. मग भाज्या. मासे सगळ्यात शेवटी, म्हणजे वास दुसऱ्याच्या डब्याला लागत नाही. हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. कुर्ला-सायनला रुळांवर पाणी भरलं आणि मध्य रेल्वे ठप्प झाली की ते शर्टाच्या खिशातला कागद काढून टेबलांमधून फिरतात. कोण पश्चिम रेल्वेचं, कोण हार्बरचं, एकटं कोण निघणार, कुणाकडे छत्री नाही. जोड्या लावून देतात आणि घरी पोचलात की मेसेज करा म्हणून बजावतात. मेसेज आला की नावापुढे बरोबरची खूण. स्वतः टिटवाळ्याचे, सगळ्यात शेवटी निघतात.

लोहगडच का, तर त्यांचं गाव कराडकडे. एसटी द्रुतगती महामार्गाने जाते. पुण्याकडे जाताना मळवलीच्या पुढेमागे उजव्या हाताला लोहगड आणि विसापूर शेजारी शेजारी दिसतात. कित्येक वर्षं खिडकीतून बघतायत, पाय लावलेला नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत बारा किल्ले घेतले, अकरा आपले आणि तमिळनाडूतला जिंजी, तेव्हाचं वर्तमानपत्राचं कात्रण पँट्रीच्या कपाटाला आतून लावलंय. लोहगडच्या नावाखाली पेनाने रेघ.

आणि त्यांचा उजवा गुडघा दुखतो. चढताना ते कुरकुरणार नाहीत, उतरताना मात्र तोच गुडघा त्यांना बसवेल. उतरताना शरीराचा सगळा भार वाकलेल्या गुडघ्यावर येतो आणि मांडीचे स्नायू थकले की पाय थरथरतो. घसरणारे बहुतेक परतीच्या पायऱ्यांवरच घसरतात. चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आधी, मग दुखरा पाय, मग चांगला. काकूंना ऑपरेशननंतर फिजिओने हेच शिकवलं होतं ना? पायरी ओली असली तर कडेला पाऊल नको, शेवाळ तिथे जास्त. मधे चालून झिजलेला भाग गुळगुळीत असतो, तोही टाळायचा. या दोन्हींच्या मधली खरखरीत पट्टी धरायची आणि पायरी उंच असेल तर तिरकं उभं राहून उतरायचं.

आता तू ओरडशील. आम्ही मळवली स्टेशनहून चालत जाणार नाही. भाजे, मग घाट, मग गायमुख खिंड, मग लोहगडवाडी, हा दोन-अडीच तासांचा रस्ता मलाही प्रिय आहे. पण "जीपने गेलात तर गड बघितला म्हणू नका" हे तुझं वाक्य मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. गुडघ्याची जेवढी ताकद आहे ती गडावर खर्च व्हावी, डांबरावर नाही. आणि एकट्या मामांना गाडीत बसवून बाकीच्यांनी चालायचं हे तर मुळीच नाही. लोणावळ्याहून दोन जीप, चौदाही जण त्यातच, जाताना आणि येताना.

गाडी इंद्रायणी, सीएसएमटीहून पहाटे ५.४०. ती डोंबिवलीला थांबत नाही, म्हणून मी आणि मामा कल्याणला चढू. एका तिकिटावर सहाच नावं घेतात, त्यामुळे सहा, सहा आणि दोन अशी तीन तिकिटं काढली. मामांचं नाव ऑफिसातल्या मॅडमच्या तिकिटावर घातलंय, म्हणजे शेजारची सीट मिळायची शक्यता जास्त. कर्जतला गाडी थांबली की घाटात मागून ढकलायला बँकर इंजिनं लागतात, तेवढ्यात वडापाव. इथे पहिली परीक्षा. सगळे मामांकडे पैसे देऊन "दहा आणा" म्हणतील. म्हणून वडापाव आणायची दोन नावं आधीच ठरवली, तो चौथ्या सीटवाला त्यात पहिला. बिचारा खूश आहे, त्याला वाटतंय वड्यांवर पहिला हक्क त्याचा.

चहाचं मात्र माझं भांडणच झालं. सगळ्यांचं म्हणणं, थर्मासमध्ये घेऊन जाऊ, पैसे वाचतील. मी हिशोब मांडला. चौदा जणांना शंभर मिली, दोन वेळा, म्हणजे जवळजवळ तीन लिटर. तीन मोठे थर्मास, म्हणजे चांगलंच ओझं. दुधाचा चहा पहाटे चारला भरला तर दहापर्यंत त्याला वास येतो. आणि थर्मास आला की तो मामांच्या हातात जाणार, हे मी कुणाला बोलले नाही. चहा लोहगडवाडीतच घ्यायचा. तिथल्या टपऱ्यांवर आलं घातलेला गरम मिळतो, गावातल्या घरांना चार पैसे मिळतात, आणि मामा सगळ्यांसोबत बाकावर बसून पितात. मॅडमना पटलं. त्यांना मी खरं कारणही सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, पहिला कप मी त्यांच्या हातात देईन.

तुझ्यामाझ्या जुन्या वादाचं मूळ हेच आहे. कर्नाळ्याला तू म्हणाली होतीस, सगळ्यांसमोर ओरडून सांगायचं की ताई आज पाहुण्या आहेत. मी म्हटलं होतं, तसं केलं तर ताईंनाच अवघडल्यासारखं होईल. मी अजून त्याच मताची आहे. आधीच अशी सोय करून ठेवायची की उठायला कारणच उरू नये.

जेवण वाडीतल्या एका घरी. पिठलं, भाकरी, ठेचा, कांदा. आदल्या संध्याकाळी फोन करून आकडा सांगायचा आणि सकाळी वर जाताना पुन्हा एकदा पक्कं करायचं. माणशी अडीच भाकऱ्या धरल्या तरी पस्तीस होतात. एकटी बाई थापून, तव्यावर टाकून, विस्तवावर फुगवून एका भाकरीला तीन मिनिटं घेते, म्हणजे पावणेदोन तास ती चुलीपुढून हलत नाही. आयत्या वेळी "चौदा जण आलोय" म्हणून दारात उभं राहणाऱ्या गटांचा मला राग येतो. पैसे हातात द्यायचे आणि ताटं आपली आपण उचलायची, हेही यादीत लिहिलंय.

वर्गणीत मामांना वगळलं तर ते येणारच नाहीत. म्हणून दोन्ही जीपचे पैसे मॅडम देतायत, ते कुणाला सांगायचं नाही. उरलेलं डोक्यावारी सारखं. मामांनी काल सगळ्यांच्या आधी माझ्या टेबलावर नोटा ठेवल्या, मी त्यांच्यासमोर नाव लिहून खूण केली. माफ करा, राहू द्या, असलं काही बोलले नाही.

आणि आता ते, जे सुचल्यावर मी ट्रेनमध्ये एकटीच हसले. पुढे कोण चालणार? हळू चालणाऱ्याला मागे ठेवलं तर तो पोचेपर्यंत पुढच्यांची विश्रांती संपलेली असते. तो आला की सगळे उठतात आणि त्याला बसायलाच मिळत नाही. लोहगडाला वाडीकडून ओळीने चार दरवाजे आहेत. गणेश, नारायण, हनुमान, महादरवाजा. मामा सगळ्यात पुढे. त्यांना ओलांडायचं नाही, हा नियम. प्रत्येक दरवाज्यात ते थांबून खिशातल्या कागदावर चौदा डोकी मोजतील. शेवटचं डोकं येईपर्यंत गुडघ्याला चार-पाच मिनिटं मिळतात. हे काम ऑफिसात त्यांच्याइतकं चोख दुसऱ्या कुणाला जमत नाही, त्यामुळे हे उगाच दिलेलं मानाचं पान नाही. सगळ्यात मागे मी, शिट्टी घेऊन. धुक्यात एक शिट्टी म्हणजे थांबा, तीन म्हणजे मदत.

विंचूकाट्यावर, म्हणजे गडाच्या त्या लांब अरुंद सोंडेवर, सगळ्यांना नेणार नाही. तिकडे उतरायचा खडकाळ टप्पा पावसात निसरडा असतो आणि ढग उतरला की सोंडेच्या दोन्ही कडा दिसत नाहीत. ज्यांचे बूट मी आधी पाहिलेत तेच जातील. तळवा वाकवून बघायचा, खाचा खोल हव्यात. नवे बूट नकोत, टाचा सोलतात. जीन्स नकोच. भिजली की जड होते, मांड्या घासतात आणि दिवसभर वाळत नाही. आपल्या पिंट्याने विचारलं, "हेअर ड्रायर आणू?" त्याला म्हटलं, आण, गडावर प्लग तू शोध! छत्र्या घरी ठेवायच्या, वर वाऱ्याने उलट्या होतात. इथे तरी तुझं माझं एकमत आहे. कोरडे मोजे आणि एक जोडी कपडे दोन पिशव्यांत गुंडाळून जीपमध्ये.

पाण्यात कुणी उतरणार नाही. ३० जून २०२४ ला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, ते सगळ्यांना माहीत आहे, तरी धबधबा दिसला की पाय वळतात. आपण उभे असतो तिथे रिमझिम असते आणि वर डोंगरात मुसळधार. तो लोंढा दिसेपर्यंत पाणी गुडघ्यावर आलेलं असतं. मावळात पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेशही निघतात, ते शुक्रवारी बघून घेणार. बंदी असेल किंवा रेड अलर्ट असेल तर सहल पुढे. रविवार टाळलाय, कारण अकरानंतर चढणारे आणि उतरणारे अरुंद दरवाज्यांत समोरासमोर अडकतात. आम्ही नवाच्या आत पहिली पायरी चढायची आणि एकपर्यंत जेवायला खाली.

एवढं करूनही धाकधूक आहेच. मामा कुणाची तरी बॅग उचलायला जातीलच. कागदावर सगळं मांडता येतं, त्यांचे हात मात्र रिकामे राहायला शिकलेले नाहीत. एका हातात काठी, दुसऱ्यात कागद, एवढ्यावर माझी भिस्त आहे.

तुझं काय? नवी शाखा कशी आहे? अजून गावाबाहेरच्या खोलीवरच राहतेस का? काकूंना सांग, मी दिवाळीत येतेय. आणि त्या मॅनेजरशी भांडू नकोस, निदान प्रोबेशन संपेपर्यंत.

एक काम कर. तुझी ती घडीची काठी उद्याच कुरिअर कर, शुक्रवारच्या आत पोचायला हवी. टोकाचं रबर झिजलं असेल तर बदलून पाठव, ओल्या दगडावर नुसतं लोखंड सरकतं. लांबी मी इथे लावून घेईन. मामांची उंची तुझ्याएवढीच आहे. कोपर काटकोनात येईल एवढी चढताना, उतरताना तीन-चार बोटं जास्त. तू लावलेल्या खुणा तशाच ठेव.

तुझी,
मीनू

ता. क. मामांना काठी तुझी आहे हे सांगणार आहे. परत करायची म्हणून ते जपून वापरतील, आणि वापरतील हे नक्की.