‘दोन बोटे’ म्हणजे किती?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पार्ट्यांचा हंगाम आला की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत दोन मजकूर हमखास दिसतात. आधी पेयांच्या कृती, ‘थोडे हे, चवीपुरते ते’ अशा थाटाच्या. मग आठवडाभराने शरीरातली ‘घाण’ काढणारे हिरवे रस. पहिल्यात माप नसते आणि दुसऱ्यात अर्थ. नको असलेले पदार्थ बाहेर टाकायचे काम यकृत आणि मूत्रपिंडे रोजच करतात. रस प्यायल्याने त्यांचा वेग वाढत नाही. आहारसल्ला देताना आम्हाला खरी अडचण दिसते ती मोजण्याची. लोक ग्लास मोजतात, फेऱ्या मोजतात, ‘बोटे’ मोजतात, पण आत गेले किती हे मोजत नाहीत.

एक प्रयोग घरी करून बघावा. सरळ कडांचा, आतून ७ सेंटिमीटर रुंद ग्लास घ्या. औषधाच्या बाटलीसोबत मिळणाऱ्या मापाच्या टोपणाने त्यात ३० मिलि पाणी ओता. पाणी तळापासून जेमतेम ८ मिलिमीटर चढते, करंगळीच्या नखाएवढे. आता ग्लासाला बाहेरून दोन बोटे आडवी लावा आणि तिथपर्यंत पाणी भरा. दोन बोटांची रुंदी साधारण साडेतीन सेंटिमीटर धरली, तर ग्लासात १३० मिलिच्या आसपास पाणी असते. म्हणजे दोन बोटे ओतून घेणाऱ्याच्या हातात ३० मिलिचे चार पेग असतात आणि तो हिशेब धरतो एकाचा. ग्लासाचे बूड जाड असेल तर थोडे कमी भरते, एवढाच काय तो दिलासा.

पुढचे गणित शाळेतले आहे. मिलिला बाटलीवरच्या टक्क्यांनी गुणायचे, १०० ने भागायचे आणि ०.७९ ने गुणायचे, कारण अल्कोहोल पाण्यापेक्षा हलके असते. ४० टक्क्यांच्या ३० मिलि मद्यात साडेनऊ ग्रॅम अल्कोहोल निघते. १२ टक्क्यांच्या १५० मिलि वाइनमध्ये १४ ग्रॅम, ५ टक्क्यांच्या ३३० मिलि बिअरमध्ये १३ ग्रॅम. आणि ८ टक्क्यांच्या, ६५० मिलिच्या एका स्ट्राँग बिअरमध्ये ४१ ग्रॅम! ‘मी काय, फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्याने ही बाटली चार पेगांहून भारी आहे हे लक्षात घ्यावे. दर ग्रॅममागे ७ कॅलरी पडतात, त्या वेगळ्याच.

आता घड्याळ. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निकालात काढते. त्यात घाई करता येत नाही. कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची आंघोळ, यांतल्या कशानेही तो वेग बदलत नाही. कॉफीने माणूस फक्त जागा राहतो. रात्री ९ ला सुरुवात करून ६० मिलिचे चार पेग घेणाऱ्याच्या पोटात ७६ ग्रॅम जातात. वेग मंद असेल तर हिशेब सकाळी साडेसहा ते आठपर्यंत लांबतो. झोप झाली, तोंड धुतले म्हणून माणूस कोरा होत नाही, आणि तो नेमका त्याच वेळी गाडी काढतो.

या सगळ्यात सर्वांत घातक सल्ला म्हणजे ‘रात्री पार्टी आहे, तर दिवसभर हलकेच राहा’. जठरातून अल्कोहोल सावकाश शोषले जाते, लहान आतड्यातून झपाट्याने. जठरात अन्न असले की पुढची झडप ते थोडे थोडे सोडते आणि अल्कोहोलही त्याच्याबरोबर अडून राहते. पोट रिकामे असेल तर काही मिनिटांत ते आतड्यात पोचते. रक्तातली पातळी उंच चढते आणि लवकर चढते. वर भुकेलेला माणूस पहिल्यांदा तळलेल्या पदार्थांकडेच वळतो. म्हणून दुपारचे जेवण नेहमीसारखे करावे आणि निघण्याआधी तासभर दोन उकडलेली अंडी किंवा वाटीभर दही आणि मूठभर दाणे खाऊन जावे. मूठ म्हणजे ३० ग्रॅम. एवढ्या शेंगदाण्यांतही १७० ते १८० कॅलरी असतात, तेव्हा वाटी पुढ्यात घेऊन बसू नये.

बुफेत पहिली फेरी रिकाम्या हाताने मारावी. एकाच चवीला जीभ कंटाळते, नवी चव आली की पुन्हा ताजी होते. पंधरा पदार्थ थोडे थोडे घेणारा म्हणूनच सर्वांत जास्त खातो. दोन-तीन पदार्थ ठरवावेत, आधी सूप, भाज्या आणि प्रथिनांचे पदार्थ, मग भात-ब्रेड. पोट भरल्याची जाणीव व्हायला पंधरा-वीस मिनिटे लागतात, तेवढा वेळ दुसऱ्या वाढपाआधी जाऊ द्यावा. मेयोनीजच्या एका मोठ्या चमच्यात शंभरेक कॅलरी असतात, त्यामुळे सॅलड घेतले म्हणून निश्चिंत होण्यात अर्थ नाही. लहान ताट घ्या, हा सल्ला फार लोकप्रिय आहे. त्यामागचा पुरावा मात्र डळमळीत आहे. अर्धे ताट भाज्यांनी भरणार असाल तर मोठेच घ्या.

मद्य न घेणाऱ्यांकडे यजमानांचे लक्ष नसते. त्यांच्या हातात कोला दिला की कर्तव्य संपले. ३३० मिलि कोलात ३५ ग्रॅम साखर. तीन कॅनमध्ये शंभराच्या वर. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी आहे, म्हणजे २००० कॅलरींच्या आहारात ५० ग्रॅम, आणि २५ वर राहिले तर उत्तम. आणखी एक गफलत टॉनिक वॉटरची. दिसते सोड्यासारखे, पण त्यात साखर असते, सोड्यात नसते. साधे पाणी आणि सोडा हाताशी ठेवले तर पिणाऱ्यांचीही तहान पाण्याने भागते. खारट चखण्याने लागलेली तहान मद्याने भागवणे, यातच बरेचसे जादा पेग जातात.

वजनाची धास्ती मात्र जरा फुगवून सांगितली जाते. २००० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या, १९५ प्रौढांच्या अमेरिकी पाहणीत सुट्ट्यांच्या काळातली सरासरी वाढ ०.३७ किलो निघाली. गोम अशी की ती पुढे फारशी उतरली नाही.

खरी धास्ती वाटावी ती मधुमेहींबद्दल. अल्कोहोलशी झटताना यकृत नवी साखर तयार करायचे थांबते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याची साखर त्यामुळे घसरते, कधी रात्री तर कधी थेट दुसऱ्या दिवशी. घाम, थरथर, अडखळते बोलणे ही लक्षणे नशेसारखीच दिसतात आणि सोबतचे म्हणतात, ‘चढलीये, झोपू दे.’ आधी साखर तपासावी. ७० मिलिग्रॅमच्या (दर १०० मिलि रक्तात) खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नये. कुशीवर वळवून रुग्णवाहिका बोलवावी. झोपेच्या गोळ्या, सर्दीची गुंगी आणणारी औषधे, मेट्रोनिडॅझोल हे जंतुसंसर्गावरचे औषध यांच्यासोबत मद्य घेऊच नये. गर्भवतीने तर अजिबात नाही. छातीत अचानक वेडीवाकडी धडधड सुरू झाली तर ती ‘ॲसिडिटी’ समजून झोपू नये. भरपूर पिण्यानंतर निरोगी हृदयाचाही ठेका बिघडतो. डॉक्टरांनी १९७८ मध्ये त्याला ‘हॉलिडे हार्ट’ असे नावच दिले आहे.

यजमानांसाठी राहिले उरलेल्या अन्नाचे. बुफेच्या भांड्याखालची ज्योत गरम अन्न गरम ठेवते, गार झालेले तापवत नाही. अन्न ६० अंशांच्या वर किंवा ५ अंशांच्या खाली राहायला हवे; मधल्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त नको. जुन्या रश्श्यात नवा ओतून भांडे ‘भरते’ ठेवण्याची सवय वाईट, कारण तळाचा रस्सा संध्याकाळपासून तिथेच असतो. मोठे पातेले झाकून रात्रभर ओट्यावर ठेवले तर मधला भाग कित्येक तास कोमट राहतो, आणि जंतूंना तेच हवे असते. अन्न ५ सेंटिमीटरपेक्षा कमी खोलीच्या पसरट डब्यांत वाटून लगेच फ्रिजमध्ये जाऊ द्यावे. भाताची काळजी जास्त घ्यावी: त्यातल्या बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही तगतात आणि बाहेर राहिलेल्या भातात त्यांनी तयार केलेले उलटीचे विष पुन्हा उकळूनही जात नाही. ‘चांगले गरम करून खाल्ले होते’ असे सांगणाऱ्यालाही बाधा होते, ती यामुळेच.

एक विनंती. यंदा पेयांच्या कृती छापाल तेव्हा प्रत्येक घटक मिलिमध्ये द्यावा आणि कृतीखाली एक ओळ असावी: एका ग्लासात अल्कोहोल इतके ग्रॅम, साखर इतके ग्रॅम. जागा दोन सेंटिमीटरही लागणार नाही.

आपले,
आहारसल्ल्याच्या क्षेत्रातले दोन वाचक