पहिल्या धारेचा मोह सोडवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

आभार तोंडीही मानता आले असते. पण मक्याच्या व्हिस्कीला चव येत नाही म्हणून न्यूझीलंडच्या वायकाटो भागातली जी मंडळी आणखी उंच यंत्र विकत घ्यायला निघतात, त्यांच्याही हाती हे पत्र पडावं, म्हणून ते उघड लिहितो आहोत. न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून स्वतःपुरतं मद्य घरी गाळायला कायद्याने मुभा आहे, विकायला नाही. महाराष्ट्रात मात्र हाच उद्योग गुन्हा ठरतो. तिकडच्या वाचकांनी यातलं शिजवणं आणि वास ओळखणं एवढंच घ्यावं, भट्टी लावू नये.

साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मळीपासून ९५ टक्क्यांचं स्पिरिट काढण्यात तुमची हयात गेली. तरीही उंच कॉलमचा, म्हणजे गाळपाच्या उभ्या नळकांड्याचा, आग्रह धरणाऱ्यांना सर्वांत आधी तुम्हीच अडवलंत. कॉलम जितका उंच तितकं स्पिरिट शुद्ध, आणि शुद्ध म्हणजे मका होता की मळी हे ओळखू न येणारं. अमेरिकेच्या नियमातही हेच आहे: कॉर्न व्हिस्कीत मका किमान ८० टक्के हवा आणि ती ८० टक्क्यांहून जास्त तीव्रतेवर गाळता येत नाही. त्याच्या वर गेलं की मक्याचा वास मागेच राहतो. तांब्याचं बुटकं भांडं आणि दोनदा गाळणं एवढ्यावर तुम्ही सगळ्यांना आणलंत, आणि गाडी रुळावर आली.

खरा बदल तुम्ही केलात तो चुलीपाशी. मका शिजवण्याबद्दल तुम्ही खळीचं उदाहरण दिलंत. कपड्याला घालायची खळ करताना पीठ गरम पाण्यात फुलतं, पारदर्शक होतं, आणि गार झालं की घट्ट बसतं. मक्याचंही तेच होतं. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, ज्या तापमानाला कामाला लागतं तिथेच जवाचा स्टार्च सुटतो, मक्याचा दाणा मात्र चिवट. नुसतं ६५ अंशांच्या पाण्यात मका आणि माल्ट एकत्र घातलं तर अर्धा स्टार्च दाण्यातच राहतो, दारू कमी निघते आणि उरलेल्या स्टार्चवर नको ते जिवाणू वाढतात.

तुमचं प्रमाण सगळ्यांना कामाचं आहे, म्हणून जसंच्या तसं देतो. रव्याएवढा भरडलेला पिवळा मका ५ किलो, जवाचं माल्ट १.२ किलो, पाणी २० लिटर. पीठ नको, त्याच्या गुठळ्या होतात आणि ते तळाला धरतं. जनावरांच्या खाद्याच्या दुकानातला मका चालतो, पण तो स्वच्छ आणि बिनबुरशीचा हवा. कुबट वास गाळूनही जात नाही. गुलाबी रंग चढवलेलं पेरणीचं बियाणं कधीही वापरायचं नाही, त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं.

१७ लिटर पाणी ७० अंशांवर आलं की मक्याबरोबर फक्त २०० ग्रॅम माल्ट घालायचं. ही तुमची सर्वांत मोलाची सूचना. मोड आलेल्या धान्यात स्टार्च तोडणारी द्रव्यं तयार झालेली असतात. नाचणीच्या दाट आंबिलीत मोडाच्या नाचणीचं चमचाभर पीठ घातलं की ती बघता बघता पातळ होते, तसंच इथे होतं. भांडं ९० अंशांकडे जाता जाता मका फुलतो, पण डावाला चिकटत नाही. हे २०० ग्रॅम न घातलेलं भांडं साधारण ७५ अंशांपाशी सिमेंटसारखं होतं, मग तळ करपतो. ९० अंशांवर तास-दीड तास ठेवायचं. दाणा बोटात दाबला की मधे कडक कण लागता कामा नये.

मग उरलेलं ३ लिटर गार पाणी घालून, ढवळत ढवळत ६५ अंशांवर आणायचं आणि तेव्हाच उरलेलं १ किलो माल्ट घालायचं. घाई इथेच नडते. मिश्रण ७० अंशांच्या वर असताना माल्ट घातलं तर साखर करणारी अर्धी फौज काही मिनिटांत मरते. वरचा थर ६५ दाखवतो आणि मधे ७४ असतं, म्हणून थर्मामीटर खोल, तीन ठिकाणी घालायचा. भांडं गोधडीत गुंडाळून दीड तास. आंबटपणा ५.२ ते ५.५ पीएच. नंतर पांढऱ्या बशीत वरच्या निवळीचा थेंब घेऊन आयोडीनचा थेंब टाकायचा. निळा-काळा झाला तर स्टार्च शिल्लक आहे, तपकिरी-पिवळा राहिला तर काम झालं. थेंबात कोंडा येऊ द्यायचा नाही, कोंडा नेहमीच काळा पडतो आणि उगाच जीव घाबरतो.

माल्ट कोणतं, हेही तुम्ही नीट समजावलंत. जास्त भाजलेल्या माल्टची ताकद भाजताना कमी झालेली असते. त्याचे २० टक्के ८० टक्के मक्याला पुरत नाहीत. डिस्टिलरीचं माल्ट घ्यावं, नाहीतर बाटलीतलं एन्झाइम, म्हणजे तेच स्टार्च तोडणारं द्रव्य, जोडीला घ्यावं. एन्झाइम वापरणं म्हणजे लबाडी, असं मानणाऱ्यांना तुम्ही बजावलंत, की चव मक्यातून आणि यीस्टमधून येते, स्टार्च कोणी तोडला त्यातून नव्हे.

आंबवणं थोडक्यात सांगतो, कारण तिथे फक्त संयम लागतो. २८ अंशांवर यीस्ट, ३० च्या वर जाऊ द्यायचं नाही; गरम आंबलेल्या रसातून डोकं धरणारी, रंगाच्या दुकानासारखी वास मारणारी दारू निघते. चार-पाच दिवसांत रसाची घनता मोजणारा हायड्रोमीटर १.०६० वरून १.००० ते १.००५ वर येतो. मागच्या खेपेचं, गाळून झाल्यावर भांड्यात उरलेलं आंबट पाणी पुढच्या खेपेला एकूण पाण्याच्या चौथ्या भागाइतकं, म्हणजे ५ लिटर, वापरायचं. ही केंटकीची सावर मॅश पद्धत. एकोणिसाव्या शतकात जेम्स क्रो या स्कॉटिश रसायनतज्ज्ञाने ऑस्कर पेपर यांच्या डिस्टिलरीत ती मोजमापाने बसवली. तिने खेपांमागून खेपा एकाच चवीच्या निघतात आणि नको ते जिवाणू दबतात. आंबट पाणी मात्र निम्म्यावर नेलं तर पीएच इतका उतरतो की यीस्ट अडकतं. कोंबड्यांना घालतात तो शिंपल्यांचा चुरा मूठभर टाकला की ते सावरतं.

आंबलेला रस कपड्यातून पिळून, दोन दिवस निवळू देऊनच भांड्यात घ्यायचा. गाळ तापकावर बसून करपला तर तो जळका वास पुढे कशानेही निघत नाही, कोळशानेही नाही. चार खेपांचा ७५ लिटर रस भराभर गाळला की साधारण १८ लिटर, २८ टक्क्यांच्या आसपासचं पहिलं गाळप जमतं. गोव्यातल्या उर्राकाच्या जातीचंच हे, आणि तिथे ती पुन्हा गाळून फेणी करतात, तसंच आपलंही दुसरं गाळणं.

आता पहिली धार. मराठीत ‘पहिल्या धारेची’ म्हणजे उत्तम, अस्सल. हा शब्द डोक्यात घट्ट बसला असताना तुम्ही ती धार नखाला लावायचं नेलपॉलिश पुसायच्या कापसासारखी हुंगायला लावलीत. तोच वास. इथिल अॅसिटेट आणि तत्सम हलकी द्रव्यं आधी येतात, म्हणून पहिले १५० मिलिलिटर फेकायचे आणि त्यापुढचा झोंबरा भाग, म्हणजे ‘डोकं’, वेगळा ठेवायचा. सोबत तुम्ही एक गैरसमजही दूर केलात. धार फेकली की विषारी मिथेनॉल गेलं, हे खरं नाही; ते सगळ्या गाळपात पसरतं. मिथेनॉल ज्यातून होतं ते फळांच्या गरातलं पेक्टिन धान्यात जवळपास नसल्यामुळे मक्याच्या दारूत ते मुळात नगण्य असतं. मुंबईत मालवणीला २०१५ मध्ये शंभराहून अधिक माणसं गेली ती दारूत औद्योगिक मिथेनॉल मिसळल्यामुळे. म्हणून कुठलंही विकतचं स्पिरिट भांड्यात ओतायचं नाही, हा तुमचा नियम आम्ही भिंतीवर लावला आहे.

दुसऱ्या गाळपाला आच मंद, धार तुटक, मिनिटाला २५-३० मिलिलिटर. २५० मिलिलिटरच्या काचेच्या बरण्या ओळीने, आकडे घालून. साधारण २८ भरतात. त्यांच्यावर मलमल टाकून रात्रभर ठेवायच्या आणि निवड सकाळीच करायची, गाळता गाळता कधीच नाही. हीच तुमची शिकवण आम्हाला सर्वांत फळली. रात्री सहावी बरणी झोंबते म्हणून बाहेर काढावीशी वाटते, सकाळी तिचा झोंब उडालेला असतो. प्रत्येक बरणीतला चमचाभर तितक्याच पाण्यात मिसळून हुंगायचा. ७० टक्क्यांवर नाक बधिर होतं आणि काहीच कळत नाही.

मधल्या बरण्या स्वच्छ, गोड, पण थोड्या मुक्या. साधारण ६५ टक्क्यांच्या खाली धार आली की भाजलेल्या कणसाचा, लोण्याचा वास सुरू होतो. व्हिस्कीचा मका तिथे आहे. तो लवकर तोडला म्हणूनच इतक्या जणांची व्हिस्की मिळमिळीत लागते. त्याच्याच पाठोपाठ ओल्या पुठ्ठ्याचा, भिजलेल्या कुत्र्याचा वास येतो. दोन्हींच्या मधे दोन-तीन बरण्यांचंच अंतर. तुम्ही सांगितल्याप्रमाणे शंकेच्या बरणीतलं १० मिलिलिटर १०० मिलिलिटर मधल्या भागात घालून पाहायचं. चव भरली तर ती बरणी आत, पुठ्ठा जाणवला तर बाहेर. बाहेरचं काही वाया जात नाही, डोकं आणि शेपटी (पुठ्ठ्याच्या वासाचा शेवटचा भाग) पुढच्या खेपेच्या पहिल्या गाळपात मिसळतात.

भांड्याला तांबं हवं ते दिसण्यासाठी नव्हे. आंबताना तयार होणारा गंधक तांब्याला चिकटतो. स्टीलच्या भांड्यातून उकडलेल्या कोबीचा वास येतो तो त्याचाच. मानेत तांब्याची जाळी ठेवून दर खेपेनंतर लिंबूसत्त्वाच्या पाण्याने लख्ख करावी. डागणीला शिसं अजिबात नको.

लाकडाबाबत तुम्ही हात आखडता ठेवायला लावलात तो बरोबरच. कॉर्न व्हिस्की नव्या जळक्या पिंपात घालत नाहीत, वापरलेल्या किंवा न जाळलेल्या ओकमध्ये घालतात. नवं जळकं पिंप बर्बन या अमेरिकी व्हिस्कीचं. लिटरला ५ ग्रॅम भाजलेला ओक, ५८ टक्क्यांवर, सहा आठवडे. त्याहून जास्त ठेवलं की व्हॅनिला उरतो आणि कणीस जातं. पाणी घालतानाही घाई नको. एक लिटर ६८ टक्क्यांचं ४५ वर आणायला अर्ध्या लिटरहून थोडं जास्त पाणी लागतं, तेही कमी खनिजांचं, तीन दिवसांत थोडं थोडं. ४६ च्या खाली गार जागी ते गढूळलं तर चवीचं तेल बाहेर दिसतंय एवढंच. गाळून स्वच्छ करण्याच्या नादात ती चव काढून टाकू नये.

सांध्यातून वाफ निसटली की तुम्ही लगेच वीज बंद करायला लावता, त्याबद्दल विशेष आभार. साठ टक्क्यांच्या दारूची वाफ खोलीच्या तापमानालाही पेट घेते. म्हणून उघडी ज्योत नाही, भांड्यातून वाफेची वाट कधी बंद नाही, बरण्या आचेपासून दूर आणि धार चालू असताना कोणी उठून जायचं नाही.

आमची एक शंका राहिली आहे. आंबट पाणी २५ टक्क्यांऐवजी ३३ टक्के घेतलेल्या खेपेत अठराव्या बरणीपासून कणसाचा वास लवकर आला आणि पुठ्ठाही दोन बरण्या आधी आला. हे पीएचमुळे की जुन्या पाण्यातल्या शेपटीमुळे? दोन्ही खेपांच्या सोळा ते बावीस क्रमांकांच्या बरण्या आकडे घालून, मलमल लावून ठेवल्या आहेत. तुमचं नाक लागेल.

आपले,
वायकाटोतले तुमचे विद्यार्थी