पहिल्या क्लॅपच्या आधी

कोल्हापूर,
अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस

चि. सायलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या 'मुक्कामी गाडी'च्या पटकथेची ३१ पाने परवा मिळाली. आतापर्यंत दोनदा वाचली; दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती. सोबतच्या चिठ्ठीत तू लिहिले आहेस की कॅमेरा मैत्रिणीकडून मिळतो आहे, सगळे मित्र तयार आहेत आणि दिवाळीनंतरच्या सोमवारी शूटिंग सुरू करायचे आहे. मराठी चित्रपटांच्या निर्मिती व्यवस्थापनात २८ वर्षे काढल्यावर मला एक गोष्ट खात्रीने सांगता येते. शूटिंगची तारीख आपण ठरवत नाही, ती पटकथा ठरवते, आणि तुझ्या पटकथेने ती अजून सांगितलेली नाही. म्हणून हे पत्र थोडे लांबणार आहे. फोनवर हे बोलता आले असते, पण हे तुझ्याजवळ लिहिलेले राहावे असे मला वाटते.

रात्री नऊला गावात येणारी आणि पहाटे साडेपाचला परत निघणारी एसटी, ग्रामपंचायतीच्या ओसरीवर अंथरूण टाकलेले चालक-वाहक, आणि त्यांच्याभोवती घुटमळणारी नऊ वर्षांची मुलगी हे चित्र मला मनापासून आवडले. ते तू पाहिलेले आहेस, कुठून उचललेले नाहीस, हे पहिल्याच पानावर कळते. परंतु हे चित्र आहे, गोष्ट नव्हे. गोष्ट तुझ्या एकोणिसाव्या पानावर सुरू होते. तिथे आपल्याला कळते की पहाटेच्या गाडीने मुलीची आई कामासाठी मुंबईला निघणार आहे, आणि मुलीला ती गाडी सुटू द्यायची नाही. एवढी मोठी गोष्ट अठरा पाने दडवून का ठेवलीस? ती चौथ्या पानावर आली, तर त्यानंतर मुलीने टायरला हात लावला, चालकाच्या उशाशी ठेवलेल्या पिशवीकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले, तरी प्रेक्षकाचा जीव वर-खाली होईल. आज ती नुसती खेळकर मुलगी वाटते. पुढचा खर्डा लिहिण्याआधी एकच वाक्य वेगळ्या कागदावर लिही: कोणाला काय हवे आहे आणि ते मिळण्याच्या आड काय येते. ज्या प्रसंगाचा त्या वाक्याशी संबंध नाही, तो कितीही सुंदर असला तरी बाजूला काढून ठेव. सहाव्या पानावरची जत्रा मला त्यातलीच वाटते.

संवादांबद्दल एवढेच सांगतो की ते सगळे मोठ्याने वाचून पाहा, आणि शक्य तर चार जणांना बसवून वाचून घे. तुझा चालक त्या मुलीला म्हणतो, "मी तुझ्या भावना समजू शकतो." गगनबावड्याकडच्या एखाद्या गावात मुक्कामाला गेलेला चालक असे बोलणार नाही. तो डब्याचे झाकण उघडता उघडता "जेवलीस काय गं?" एवढेच विचारील, आणि त्यात सगळे येईल.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले त्याकडे येतो. तुझे चौदावे दृश्य मी जसेच्या तसे इथे उतरवतो: "गावाचा पार. रात्र. मुसळधार पाऊस. गाडी येऊन थांबते. आठ-दहा प्रवासी उतरतात. मुलगी गर्दीतून धावत दाराशी येते. तिची शेळी दावे तोडून गाडीखाली शिरते." आम्ही पानाचे आठ भाग करून दृश्याची लांबी मोजतो. त्या हिशेबाने हे दृश्य जेमतेम दोन भागांचे आहे, आणि पडद्यावर ते पाऊण मिनिट दिसेल. पण पटकथेचे ब्रेकडाउन, म्हणजे प्रत्येक दृश्याला काय काय लागेल त्याची यादी, करायला बसले की याच ओळींतला एकेक शब्द आपली मागणी पुढे करतो. 'रात्र' म्हटल्यावर दिवे आले, दिव्यांसाठी जनरेटर आला, जनरेटरचा आवाज ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून तो लांब उभा करायचा तर तेवढी केबल आली. 'पाऊस' म्हटल्यावर पाण्याचा टँकर आणि पंप आला. शिवाय पाऊस नुसता पाडून दिसत नाही, त्याच्या पाठीमागून उजेड टाकावा लागतो, म्हणजे पाराच्या मागच्या बाजूला उंचावर आणखी एक मोठा दिवा आला. भिजणाऱ्या प्रत्येक पात्राचे कपडे निदान तीन जोड लागतील, कारण दुसऱ्या टेकला त्याने कोरडेच यायला हवे. 'गाडी' म्हटल्यावर एसटी महामंडळाकडे अर्ज आणि भाडे आले. 'आठ-दहा प्रवासी' म्हणजे तेवढ्या माणसांचे जेवण, चहा आणि रात्री परत घरी सोडण्याची सोय आली.

शेळीचे काय, ते तुला बहुधा ठाऊक नसेल. चित्रीकरणात कुठलाही प्राणी वापरायचा तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाची परवानगी आधी घ्यावी लागते, आणि ती नसेल तर पुढे सेन्सॉरच्या वेळी चित्रपट अडकतो. आणि मुलगी! चौदा वर्षांखालच्या बालकलाकारासाठी निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची असते. त्या मुलाकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, विश्रांती न देता सलग तीन तासांपेक्षा जास्त तर मुळीच नाही, आणि त्याच्या मोबदल्यातला निदान वीस टक्के भाग त्याच्या नावाने मुदत ठेवीत ठेवावा लागतो. हे नियम मला जाचक वाटत नाहीत. आमच्या सुरुवातीच्या काळात असे काहीच पाळले जात नसे, आणि रात्री दोन वाजता खुर्चीत पेंगणारी, उठवून पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभी केलेली लेकरे मी पाहिली आहेत. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा अभिनय नव्हता, नुसता शीण होता. तुझ्या शूटिंगवर ती मुलगी जेवणाच्या वेळेला घरी पोहोचली पाहिजे, ही माझी स्वतःची अट समज.

याचा अर्थ दृश्य टाकून दे असा नाही. प्रत्येक मागणीला विचार की तू गोष्टीसाठी हवी आहेस की नुसत्या देखाव्यासाठी. मुसळधार पावसाऐवजी नुकता पडून गेलेला पाऊस चालेल का? मग ओली जमीन, पानांवरून निथळणारे थेंब आणि डबक्यात पडलेला गाडीच्या दिव्यांचा उजेड एवढ्यावर भागेल, आणि पोरगीही भिजणार नाही. शेळी दिसायलाच हवी, की अंधारातून तिच्या गळ्यातली घंटी ऐकू आली तरी पुरेल? गाडीच्या आतली दृश्ये तर रात्री घेण्याची मुळीच गरज नाही. काचांना बाहेरून काळे कापड लावले की भर दुपारी आत रात्र होते. पाराजवळच्या मुलीच्या दृश्यांपैकी बरीचशी दिवेलागणीच्या वेळी घेता येतील. आकाशात थोडा निळा उजेड असतो, तो पडद्यावर रात्रीसारखा दिसतो आणि दिवेही कमी लागतात. मात्र ती वेळ अर्ध्या तासाच्या वर टिकत नाही, त्यामुळे दोन-तीन संध्याकाळी हाताशी ठेवाव्या लागतील. हे सारे कागदावर बदलायला एक रबर पुरतो. पारावर चाळीस माणसे उभी असताना बदलायचे म्हटले, तर प्रत्येक मिनिटाला पैसा जातो आणि माणसांचा धीरही.

पैशांबाबत तुला संकोच वाटतो, हे चिठ्ठीवरून जाणवले. त्यावर मला दादासाहेब फाळक्यांची आठवण होते. १९११ साली मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहून त्यांच्या मनात कल्पना आली, आणि 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला ३ मे १९१३ रोजी. मधल्या दोन वर्षांत काय काय झाले ते पाहा. आपल्या विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते १९१२ च्या फेब्रुवारीत इंग्लंडला गेले, तंत्र शिकले, कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र मागवून परतले. तरीही चित्रपटासाठी भांडवल मिळेना. मग त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून अधिक काळ त्याच्या वाढीची एकेक चौकट टिपली. मिनिटभराच्या त्या फिल्ममध्ये कोंब फुटून वेल वर चढताना दिसला, आणि ती पाहून पैसा उभा राहिला. तारामतीच्या भूमिकेसाठी कोणी स्त्री मिळाली नाही, तेव्हा ग्रँट रोडवरच्या एका हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई एवढ्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक करीत, फिल्मला भोके पाडीत, ती धुण्याच्या कामाला हात लावीत आणि उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडीत. आज आपण थर्माकोल धरतो, तेच हे. प्रत्यक्ष चित्रीकरणाला सहा महिने २७ दिवस लागले असे सांगतात, पण त्याच्या आधीची तयारी त्याहून लांब होती.

तुझा वाटाणा कोणता, ते मी सुचवतो. ओसरीवरचे विसावे दृश्य घे, जिथे मुलगी चालकाला विचारते की गाडी बिघडली तर काय होते. दोन माणसे, एक कंदील, तीन मिनिटे. ते आपल्या अंगणात मोबाईलवर चित्रित कर. ज्यांच्याकडे पैसे मागायचे त्यांना पटकथेची पाने देण्यापेक्षा ती तीन मिनिटे दाखव. शिवाय दिग्दर्शक म्हणून तुला काय येते आणि काय येत नाही, तेही तुला त्यात दिसेल.

जागेची रेकी, म्हणजे शूटिंगआधीची पाहणी, ही नुसते फोटो काढून येणे नव्हे, हे मी फार महाग पडून शिकलो. एका चित्रपटासाठी कागल तालुक्यातले एक गाव मी स्वतः पक्के केले होते. सप्टेंबरात दुपारी गेलो होतो. रस्ता सुनसान, झाडी हिरवीगार, सरपंच सज्जन. आम्ही शूटिंगला पोहोचलो डिसेंबरात. साखर कारखान्यांचा हंगाम ऐन भरात होता. रात्रभर उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत, मोठ्याने गाणी लावून त्या रस्त्याने जात होते, आणि आम्हाला आई-मुलाच्या निरोपाचा, कुजबुजत बोलण्याचा प्रसंग ध्वनीसह मुद्रित करायचा होता. आमची ध्वनिमुद्रक मुलगी कानाला हेडफोन लावून रस्त्याकडे बघत उभी होती. दोन ट्रॅक्टरांच्या मध्ये जेमतेम मिनिटभराची शांतता मिळे. रात्री साडेअकराला सुरू केलेला तो प्रसंग पहाटे चारपर्यंत पुरा झाला नाही. थकलेल्या नटीने शेवटी डोळे पुसले ते भूमिकेसाठी नव्हते. ट्रॅक्टरवाल्यांची त्यात काही चूक नव्हती. तो त्यांच्या पोटाचा हंगाम होता. जन्म या भागात काढूनही मी कॅलेंडर पाहिले नाही, हा दोष माझा होता. तेव्हापासून ज्या वेळचे दृश्य, त्या वेळी जागेवर जायचे, आणि निदान दहा मिनिटे डोळे मिटून नुसते ऐकायचे, असा नेम मी ठेवला. बाजाराचा वार, जत्रा, देवळाचा भोंगा, पिठाची गिरणी, वीज जाण्याची वेळ, हे सारे गावातल्या माणसांना विचारून वहीत उतरवून घ्यावे. तुझा सोमवार नेमका उसाच्या हंगामाच्या तोंडावर येतो, हे लक्षात ठेव.

शॉटची विभागणी तू आणि तुझी कॅमेरावाली मैत्रीण दोघींनी मिळून करा, आणि ती चित्रे काढून करा. याच कोल्हापुरात बाबूराव पेंटर आपल्या मूकपटांच्या आधी पात्रांचे पोशाख आणि हालचाली कागदावर रेखाटून ठेवीत. त्यांच्यासारखा हात कोणाचाच नसतो, पण काड्यांची माणसे काढली तरी चालतात. कॅमेरा कुठे आणि माणूस कुठून कुठे जाणार, एवढे सर्वांना सारखे समजले म्हणजे झाले.

वेळापत्रकाचे काम मी करीन. एकाच जागेची, एकाच उजेडाची दृश्ये एकत्र येतील, त्यामुळे शेवटचा निरोप कदाचित दुसऱ्याच दिवशी घ्यावा लागेल. त्या मुलीला आधीपासून माहीत असू दे की ती गोष्टीत कुठे उभी आहे. पहिल्या दिवशी पहिला शॉट सोपा ठेवू. एकूण खर्चाच्या दहा टक्के रक्कम वेगळी काढून ठेवू आणि तिला हात लावायचा नाही. जेवण दीड वाजता म्हणजे दीडलाच, हे मात्र माझ्यावर सोड.

येत्या शनिवारी दुपारपर्यंत ये. आपण आपल्या गाडीने जाणार नाही. संध्याकाळच्या मुक्कामी एसटीने जाऊ, नऊला पारावर उतरू, रात्रभर तिथेच थांबू आणि साडेपाचच्या त्याच गाडीने परत येऊ. येताना पटकथा, वही आणि एक जाड पांघरूण आण, पहाटे तिकडे गार असते. तुझी आई पिठलं-भाकरी बांधून देणार आहे, चालक-वाहकांच्या वाटणीची धरून.

तुझा,
बाबा